वजन घटवणाऱ्या ‘शंभर टक्के नैसर्गिक’ कॅप्सूल थायरॉइडच्या गोळीसोबत घ्याव्यात का?

मालदांडी (प्रश्न)

नमस्कार. मी जुळे सोलापुरात राहते. वय ४६, उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो. थायरॉइडच्या कमतरतेमुळे सहा वर्षांपासून रोज पहाटे ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते आणि मागच्या तपासणीत टीएसएच, म्हणजे थायरॉइडच्या रक्तचाचणीतला आकडा, मर्यादेत होते. जिना उतरताना गुडघे दुखू लागल्यामुळे डॉक्टरांनी वजन कमी करायला सांगितले. कसे करायचे हे सांगायला मात्र त्यांना वेळ नव्हता, आणि बाहेर बसलेली गर्दी पाहता त्यांना दोष देणेही बरे नाही.

माझ्या नणंदबाई गेल्या वर्षापासून वजन घटवण्याच्या कॅप्सूल ओळखीपाळखीत विकतात. त्यांचे स्वतःचे वजन दोन-अडीच महिन्यांत सात किलोंनी उतरले आणि ही ऐकीव गोष्ट नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत घातलेला ब्लाउज पाडव्याला त्यांनी दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटे आत घेतलेला मी पाहिला. जेवणातली भाकरी अर्ध्यावर आली, भूकच लागत नाही, असे त्या सांगतात. त्याच वेळी तोंडाला सतत कोरड पडते, रात्री दोन वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही, पोट साफ होत नाही आणि अधूनमधून छातीत धडधडते, अशाही त्यांच्या तक्रारी आहेत. ज्या बाईंनी त्यांना या विक्रीत आणले, त्यांचे म्हणणे असे, की शरीरातील विषारी घटक बाहेर पडत असल्यामुळे थोडे सोसावे लागेल.

माझ्यासमोर आत्ता ती डबी आहे. साठ कॅप्सूल, किंमत २,४०० रुपये, रोज दोन घ्यायच्या. पुढच्या बाजूला हिरवे पान आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत’ हे शब्द लांबून वाचता येतील एवढे मोठे. मागे भिंगाशिवाय न दिसणाऱ्या अक्षरांत दोन कॅप्सूलमधील घटक दिले आहेत: गार्सिनिया अर्क ६०० मिलिग्रॅम, ग्रीन टी अर्क ३०० मिलिग्रॅम, गुग्गुळ १०० मिलिग्रॅम, दारुहळदीचा अर्क ५० मिलिग्रॅम, बायोटिन ५ मिलिग्रॅम आणि ‘वनस्पतींचे खास मिश्रण’ १५० मिलिग्रॅम. या मिश्रणात कोणत्या वनस्पती आहेत हे लिहिलेले नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक आहे आणि त्याच्याखाली ‘औषधी उपयोगासाठी नाही’ असेही छापले आहे. मी एक कॅप्सूल स्टीलच्या वाटीत उघडून पाहिली. शेवाळी रंगाची पूड, चहासारखा वास आणि मधूनमधून पांढरे कण आहेत.

या घटकांनी वजन खरोखर कमी होते का? थायरॉइडच्या गोळीसोबत ते चालतात का? आणि वस्तू नैसर्गिक असेल तर फार तर गुण येणार नाही, अपाय होणार नाही, हे नणंदबाईंचे म्हणणे कितपत खरे आहे? नात्याचा प्रश्न असल्यामुळे नकार देण्यापूर्वी मला नीट समजून घ्यायचे आहे.

नवीपेठ

ताई, मी औषधविक्रेता आहे. एकतीस वर्षे नवी पेठेत काउंटरमागे काढली, आता दुकान मुलगा पाहतो. प्रश्न नेमका मांडलात आणि डबीची मागची बाजू वाचलीत, म्हणून उत्तरही नेमके देण्याचा प्रयत्न करतो.

गार्सिनिया म्हणजे आपल्या कोकमाचा केरळी भाऊ. तिकडे त्याची वाळवलेली साल माशाच्या कालवणात आंबटपणासाठी घालतात. त्यातील हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल साखरेपासून चरबी तयार करणाऱ्या एका विकराला अडवते आणि उंदरांवरील प्रयोगांत त्याचा परिणाम दिसल्यामुळे त्याला मागणी आली. माणसांवर १९९८ साली अमेरिकेत नीट चाचणी झाली. १३५ जणांना बारा आठवडे सारखाच कमी उष्मांकांचा आहार दिला, निम्म्यांना गार्सिनिया आणि निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या निरुपयोगी कॅप्सूल. गार्सिनिया घेणाऱ्यांचे वजन सरासरी ३.२ किलोंनी उतरले, निरुपयोगी कॅप्सूल घेणाऱ्यांचे ४.१ किलोंनी. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकणारा नव्हता, म्हणजे दोन्ही गटांचे वजन आहारानेच उतरले. त्या चाचणीत अर्काची मात्रा रोज तीन ग्रॅम होती. तुमच्या डबीत तिचा पाचवा हिस्सा आहे. ज्या मात्रेने गुण आला नाही, तिच्या पाचव्या हिश्शासाठी महिन्याला चोवीसशे रुपये द्यायचे की नाही, हे तुम्ही ठरवा.

ग्रीन टीचेही फार वेगळे नाही. जगभरच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात जपानबाहेरच्या अभ्यासांमध्ये वजनातील फरक जवळजवळ शून्य होता. पेयातला चहा आणि अर्क यांत मात्र गल्लत करू नका. एका कपात ईजीसीजी नावाचे मुख्य द्रव्य साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असते, अर्कात ते दाटवलेले असते आणि रिकाम्या पोटी रक्तात अधिक उतरते. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त ईजीसीजी पूरक म्हणून घेतल्यास यकृताची विकरे वाढू लागतात, असा निष्कर्ष युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये काढला. तुमची डबी त्या मर्यादेच्या आत असावी, पण क्वचित एखाद्या व्यक्तीला कमी मात्रेतही यकृताचा त्रास होतो आणि ती व्यक्ती कोण हे आधी कळत नाही.

बायोटिन केसांसाठी म्हणून घातलेले दिसते. दिवसाची गरज ३० ते ४० मायक्रोग्रॅम, डबीत ५ मिलिग्रॅम, म्हणजे शंभरपटीहून अधिक. हे जीवनसत्त्व स्वतः विषारी नाही, परंतु अनेक प्रयोगशाळांतील थायरॉइडच्या चाचण्या ज्या तंत्राने होतात त्यात बायोटिनचाच वापर असतो, त्यामुळे रक्तात ते भरपूर असल्यास टीएसएच खोटे कमी आणि टी-फोर खोटे जास्त दिसू शकते. तो अहवाल पाहून डॉक्टरांना वाटेल की गोळी जास्त होते आहे, ते मात्रा कमी करतील, आणि खऱ्या कमतरतेने तुमचे वजन आणखी वाढेल. तपासणीपूर्वी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावे लागते. ही गोष्ट मला डबीच्या मागे कधीच छापलेली दिसली नाही.

आता ज्या भागामुळे मी हे सर्व लिहायला बसलो, तो तुमच्या नणंदबाईंचा. डबीवर लिहिलेल्या घटकांनी अडीच महिन्यांत सात किलो उतरावेत आणि भूक मरावी, असे मला तरी वाटत नाही. गुण येत नाही तेव्हा पैसे जातात. पण अशा डबीने झपाट्याने गुण येतो, तेव्हा आत आणखी काय आहे हे विचारावे लागते. तोंडाला कोरड, निद्रानाश, बद्धकोष्ठ, धडधड आणि भूक नाहीशी होणे, हा संच मी पूर्वी पाहिलेला आहे. सिब्युट्रामिन नावाचे वजनाचे औषध आपल्याकडे चिठ्ठीवर मिळत असे आणि त्याच्या माहितीपत्रकावर हेच दुष्परिणाम होते. हृदयविकाराचा धोका असलेल्या सुमारे दहा हजार लोकांवरील चाचणीत, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारख्या घटना औषध घेणाऱ्यांत ११.४ टक्के आणि न घेणाऱ्यांत १० टक्के आढळल्या. त्यानंतर २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून गेले आणि २०११ मध्ये भारतातही त्यावर बंदी आली. उरलेल्या पट्ट्या मी स्वतः फळीवरून काढून खोक्यात भरून परत पाठवल्या होत्या.

दुकानातून गेलेले हे औषध ‘नैसर्गिक’ डब्यांतून परत आले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ ते २०१६ या काळात लपवलेली औषधे आढळलेली ७७६ पूरक उत्पादने नोंदवली, त्यांपैकी ३१७ वजन घटवण्याची होती आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामिन होते. हे आकडे पकडल्या गेलेल्या मालाचे आहेत, बाजारातील सगळ्या मालाचे नव्हेत, हे लक्षात ठेवा. तुमच्या डबीत ते आहे असे मी म्हणत नाही. ‘खास मिश्रणा’त नुसते कॅफिन भरपूर असले तरी धडधड आणि जागरण होईल. वाटीतल्या पांढऱ्या कणांवरून काहीच ठरत नाही, कॅप्सूल भरताना वापरायची निरुपद्रवी पूडही पांढरीच असते. पण नणंदबाईंचा रक्तदाब आणि नाडी आजच मोजा. त्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे का, तेही कळवा.

जाता जाता एक. लठ्ठपणा बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करणे हे १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय यांच्या कायद्याने निषिद्ध आहे, लठ्ठपणा त्याच्या परिशिष्टात नाव घेऊन दिलेला आहे. म्हणून पुढे पान आणि मागे ‘औषधी उपयोगासाठी नाही’.

यंत्रमाग

वर काकांनी ‘क्वचित एखाद्या व्यक्तीला’ असे लिहिले आहे. ती व्यक्ती मी आहे.

आमचा टॉवेलचा कारखाना आहे. तीन वर्षांपूर्वी बहिणीचे लग्न ठरले तेव्हा माझे वजन ९४ होते आणि चार महिन्यांत कमी करायचे म्हणून मी ग्रीन टी अर्काच्या कॅप्सूल मागवल्या, पाकिटावरच्या मात्रेपेक्षा एकही जास्त घेतली नाही. सातव्या आठवड्यात जेवणाचा वासही नकोसा झाला. मे महिना होता, पारा बेचाळीसच्या पुढे, तेव्हा उन्हाळा बाधला असेल म्हणून पन्हे आणि ताक पीत राहिलो. लघवी चहाच्या रंगाची झाली तेही कमी पाणी पिण्यावर ढकलले. शेवटी मागावरच्या एका जुन्या कामगाराने, ज्यांना घरात सगळे मामा म्हणतात, माझे डोळे उन्हात नेऊन पाहिले आणि ‘मालक, ही कावीळ आहे’ असे सांगितले.

यकृताची इजा दाखवणारे एसजीपीटी १,१०० च्या वर आले. कावीळ म्हटल्यावर घरच्यांनी गावाकडचे पाल्याचे औषध आणायची तयारी केली होती. ते घेतले असते तर यकृतावर आणखी एक ओझे पडले असते. डॉक्टरांनी दोनदा विचारले, ‘कोणते औषध चालू आहे का?’ आणि दोन्ही वेळा मी नाही म्हणालो. मी खोटे बोलत नव्हतो. माझ्या लेखी ते औषध नव्हतेच, पाकिटावर तसे लिहिलेच होते. विषाणूंच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्यावर त्यांनी प्रश्न बदलला आणि ‘पूड, काढा, कॅप्सूल, चहा, जे काही तोंडावाटे जाते ते सगळे सांगा’ म्हणाले, तेव्हा कुठे पाकीट बाहेर आले. बंद केल्यावर अहवाल पूर्ववत व्हायला तीन महिने लागले. लग्नात मी सडपातळ दिसत होतो, पण फोटोत पिवळा आहे.

मालदांडीताई, तुम्ही घेणार नसाल तर प्रश्न मिटला. नणंदबाईंनी मात्र यकृताची तपासणी करून घ्यावी, आणि अंगाला खाज, गडद लघवी, अन्नावरची वासना जाणे यांपैकी काही दिसले तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मालदांडी

दोघांचेही आभार. नणंदबाईंना चार वर्षांपासून रक्तदाबासाठी अम्लोडिपिनची गोळी चालू आहे, ती त्या कधी घेतात कधी विसरतात. मी त्यांना वरचा मजकूर वाचून दाखवला. त्यांचे उत्तर असे, की हे सगळे परदेशी अर्कांविषयी आहे, गुग्गुळ आणि दारुहळद तर आपल्या आयुर्वेदातलीच आहेत आणि आजीच्या बटव्यात होती. याविषयी कोणी जाणकार लिहू शकेल का?

अष्टौनिंदित

मी वैद्य आहे, सोलापुरातच शिकलो आणि इथेच चिकित्सा करतो. आयुर्वेदाचे नाव आले म्हणून बचावाच्या पवित्र्यात लिहिणार नाही.

आधी नणंदबाईंच्या म्हणण्यातील एक चूक. त्या डबीवर अन्नपदार्थाचा परवाना आहे. आयुर्वेदिक औषधाचा परवाना १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली मिळतो आणि त्याचा क्रमांक वेगळ्या धाटणीचा असतो. गुग्गुळ घातल्याने डबी आयुर्वेदिक होत असेल तर कडीपत्ता घातलेले फरसाणही व्हावे. आम्ही गुग्गुळ शोधन करून, म्हणजे काढ्यात शिजवून गाळून घेतो, तो मेदोहर किंवा त्रिफळा गुग्गुळ अशा कल्पांतून देतो, आणि रुग्णाची पचनशक्ती, वय, ऋतू पाहून मात्रा ठरवतो. गर्भारपणी देत नाही. डबीला या कशाचीही गरज पडत नाही, सगळ्यांना दोन कॅप्सूल.

दुसरी बाब आमच्या बाजूने अवघड आहे. गुग्गुळाचे प्रमाणित सत्त्व लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झाले आणि कोलेस्टेरॉलवरील भारतीय संशोधनाचा तो अभिमानाचा विषय होता. २००३ मध्ये अमेरिकेत १०३ जणांवर आठ आठवडे चाचणी झाली, तेव्हा वाईट कोलेस्टेरॉल कमी होण्याऐवजी चार-पाच टक्क्यांनी वाढले आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. आमच्यातील काहीजण म्हणतात की ते सत्त्व म्हणजे संपूर्ण गुग्गुळ नव्हे, पाश्चात्त्य आहार वेगळा. असेल. पण उलट दिशेची तेवढीच काटेकोर चाचणी आम्ही पुढे ठेवलेली नाही, तोवर हा युक्तिवाद अपुरा आहे असे माझे मत आहे. शिवाय गुग्गुळामुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही हृदयाची व रक्तदाबाची औषधे रक्तात कमी उतरतात, हे भारतीय संशोधकांनीच दाखवले आहे. ताई, प्राण्यांवरील प्रयोगांत गुग्गुळाने थायरॉइडला चेतना मिळते असेही दिसले आहे, म्हणून ठरलेल्या मात्रेवर स्थिर असलेल्या तुमच्यासारख्या रुग्णाला तो मी स्वतः देणार नाही.

दारुहळदीतील बर्बेरिनला सध्या समाजमाध्यमांवर फार भाव आला आहे, वजनाच्या नव्या महागड्या इंजेक्शनांना निसर्गाचा पर्याय म्हणून. बर्बेरिनच्या चाचण्यांत मात्रा दिवसाला साधारण एक ते दीड ग्रॅम असते आणि तरीही वजनातील घट माफक असते. इंजेक्शनांच्या घटीशी तिची तुलनाच नाही. तुमच्या डबीत अर्कच ५० मिलिग्रॅम आहे. हे नाव फक्त लेबल सजवण्यासाठी आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल व्यक्तीची चिकित्सा आली आहे, माझे इथले टोपणनाव तिथलेच. तिथे औषधे आहेत. त्रिफळा, गुळवेल, नागरमोथा, शिलाजित यांचा उल्लेख आहे. पण त्या औषधांच्या बरोबरीने यव, कोद्रू, मूग, हुलगे अशा धान्यांची यादी आहे आणि त्यात जूर्णाह्व, म्हणजे ज्वारीही आहे. मालदांडी हे ज्वारीच्याच वाणाचे नाव घेऊन वावरणाऱ्या बाईंना हे सांगताना मला थोडे हसू येते आहे. जे पचायला वेळ घेते पण पोषण कमी देते असे अन्न स्थूलाला द्यावे, हे तिथले सूत्र. इसबगोल किंवा सुरणाच्या जपानी भावंडापासून काढलेले ग्लुकोमॅनन पोट भरल्याची भावना देते, आणि या साऱ्या डब्यांत थोडाफार आधार असलेला प्रकार तोच आहे. आहार कमी केला असेल तर जेवणापूर्वी एक ग्रॅम, दिवसातून तीनदा, भरपूर पाण्यासोबत, ही ग्लुकोमॅननची मात्रा युरोपात मान्य झाली आहे. पाणी कमी पडले तर ते घशातच फुगते. इसबगोल घ्यायचे ठरवलेत तर थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांचे अंतर ठेवा, नाहीतर ती गोळी त्याच चोथ्यात अडकून वाया जाईल.

ज्वारी चांगली म्हणून वाटीभर शेंगाचटणी आणि वर तेल घेऊन ती खाल्ली तर हिशेब बिघडतो. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात, म्हणजे आपण सहज घेतो त्या तीन चमच्यांत दीडशेच्या पुढे. चटणी सोडा म्हणण्याची हिंमत सोलापुरात राहून मी करणार नाही. चमचा मोजून घ्या. टीएसएच मर्यादेत असेल तर वजनाचे खापर थायरॉइडवर फोडता येत नाही. तुमचे ध्येयही ७८ वरून ५५ असे ठेवू नका. चार ते आठ किलो कमी झाले तरी फरक कळेल, कारण एक किलो उतरला की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी हलका होतो.

यंत्रमाग

वैद्यराज, परवान्याचा फरक समजला, पण परवाना असलेली औषधे तरी निर्धोक कुठे आहेत? इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांपैकी वीस टक्क्यांहून अधिक नमुन्यांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे संशोधन २००८ मध्ये आले होते.

अष्टौनिंदित

आले होते आणि मी ते नाकारत नाही. धातूंची भस्मे असलेल्या रसौषधींत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास होते, पण निव्वळ वनस्पतींच्या औषधांतही सतरा टक्के होते, आणि मला दुसरा आकडा अधिक लागला. म्हणूनच घरपोच आलेल्या पाकिटातून वजनाचे औषध कोणी घेऊ नये असे मी म्हणतो, मग ते माझ्या शास्त्राचे का असेना.

नवीपेठ

ताई, डबी तपासून घेता येईल का असे तुम्ही मला निरोपात विचारलेत, उत्तर इथेच देतो. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील कलम ४० प्रमाणे साध्या ग्राहकालाही शुल्क भरून पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो आणि दोष आढळल्यास ते शुल्क परत मिळते. अट एवढी, की विकत घेतानाच विक्रेत्याला ‘मी हे तपासायला देणार आहे’ असे सांगावे लागते. तुमच्या बाबतीत विक्रेती म्हणजे नणंदबाई, तेव्हा हे वाक्य कोणत्या सुरात म्हणायचे ते तुमचे तुम्ही पाहा. उघडलेली डबी त्यासाठी चालणार नाही. शिवाय नेहमीच्या तपासणीत लपवलेले औषध शोधलेच जाईल असे नाही, संशय कशाचा आहे ते अर्जात लिहून द्यावे लागेल. दुसरा सोपा मार्ग म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार देणे. मग नमुना अधिकारी घेतात. डबी फेकू नका, बॅच क्रमांक आणि उत्पादनाची तारीख असलेला भाग जपून ठेवा.

आणि अम्लोडिपिन घेणाऱ्या व्यक्तीला झोप न लागणे आणि धडधड हे ‘विष बाहेर पडणे’ नव्हे. रक्तदाब मोजलात का?

मालदांडी

मोजला. परवा संध्याकाळी त्या आमच्याकडे आल्या होत्या, तेव्हा यजमानांच्या यंत्रावर पाच-पाच मिनिटांच्या अंतराने तीनदा घेतला. शेवटचा आकडा १५८/९८ आणि नाडी १०४. त्यांना स्वतःला आकड्याचे काही वाटले नाही, पण यजमानांनी ‘अक्का, बाबांचा असाच होता’ एवढेच म्हटल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या. सासऱ्यांना पक्षाघात झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डॉक्टरांकडे गेल्या, डबी सोबत नेली, यंत्रमागदादांनी सांगितल्याप्रमाणे ‘जे काही तोंडावाटे जाते ते सगळे’ सांगितले. ईसीजीत विशेष दोष नाही, एसजीपीटी ६८ आहे, कॅप्सूल पूर्ण बंद, रक्तदाबाची गोळी रोज ठरल्या वेळी, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तपासणी.

कॅप्सूल बंद करून आज पाचवा दिवस. काल रात्री त्या साडेदहाला झोपल्या आणि भूक परत आल्याची तक्रार त्यांनी फोनवर बरीच रागावून केली. सात किलो परत येणार, या विचाराने त्या माझ्यावर नाराज आहेत आणि मला त्यांची नाराजी समजते.

मी माझी डबी घेतलेलीच नव्हती; वाटीत उघडलेली कॅप्सूल त्यांच्याच डबीतली. मागचे लेबल मी फोटो काढून ठेवले आहे. सकाळची फेरी मी ज्या मैत्रिणीसोबत कंबर तलावाकडे सुरू केली आहे, ती फार बोलते, पण पहाटे साडेपाचला तेवढे ऐकून घेता येते. प्रश्न उरला आहे तो नणंदबाईंच्या वहीतल्या अकरा बायकांचा, ज्या अजून रोज दोन कॅप्सूल घेत आहेत आणि त्यांपैकी दोघींना रक्तदाब आहे. त्यांना फोन कोणी करायचा आणि पैसे परत मागितल्यास काय सांगायचे, यावर आमचे दोघींचे अजून एकमत झालेले नाही. तक्रारअर्जाचा मसुदा मी लिहून ठेवला आहे, त्यांच्या सहीची जागा रिकामी आहे.